आतून न उघडणारं दार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर विषय निघाला होता, की सेवा करताना हातून चूक झाली तर ती सुधारली की पुरे, का ती बोलूनही दाखवायला पाहिजे? प्रसादाची वेळ झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं. आम्हा दोघांना त्यावर सांगण्यासारखं आहे. ते तोंडानं सांगायला जड जातं, म्हणून पत्रिकेत लिहून पाठवत आहोत. गोष्ट मोटारीच्या दाराची आहे. हसू नका.

आमची गाडी 2011 सालची. गुरुवारच्या वाहनसेवेत तीच असते हे बेळगावातल्या बहुतेकांना माहीत आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ या बाजूच्या वयस्कर मंडळींना संध्याकाळी आणायचं आणि रात्री घरी पोचवायचं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मागच्या डाव्या दाराची आतली कडी लुळी पडली. ओढली तर नुसतीच पुढं यायची, दार ढिम्म. बाहेरची कडी मात्र व्यवस्थित चालत होती. एका ठिकाणी विचारलं तर पूर्ण कुलूपच बदलावं लागेल म्हणाले आणि चार आकडी खर्च सांगितला. बघू म्हणालो. दिवाळी आली, मग लग्नसराई आली, बघायचं राहूनच गेलं.

अडचण कुणालाच नव्हती. म्हणजे आम्हाला नव्हती. आम्ही पुढं बसतो आणि पुढची दोन्ही दारं धड आहेत. कुठं थांबलो की आमच्यापैकी एकजण चटकन उतरायचा, मागं जाऊन बाहेरून दार उघडायचा आणि हात धरून माणसाला उतरवायचा. आठ महिने असं चाललं. आणि यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढंच सांगून टाकतो. लोकांना ते अगत्य वाटलं. "तुम्ही स्वतः उतरून दार उघडता, आजकाल कोण करतं असं," म्हणून एका गुरुभगिनीनं चारचौघांत कौतुक केलं. आम्ही हात जोडले, "सेवा आहे, त्यात काय" असं म्हणालो. कडी मोडली आहे म्हणून उतरतो, हे सांगायला दोन शब्द पुरले असते. ते दोन शब्द त्या दिवशी तोंडातून आले नाहीत.

मग वैशाखातला तो गुरुवार. एक काकू (नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं आहे) मागं डाव्या बाजूला बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले. त्या दिवशी महाप्रसाद दुपारचा होता, त्यामुळं उन्हाची वेळ. शेजारच्या सीटवर फडक्यात बांधलेली प्रसादाची दोन पातेली. खडेबाजारात औषधं घ्यायची होती आणि हारही सांगून ठेवले होते. एकजण औषधाच्या दुकानात, एकजण हारवाल्याकडं. "पाच मिनिटांत आलोच काकू." एसी लावलेला, म्हणून काचा वर होत्या. किल्ली काढून घेतली, म्हणजे काचांचं बटण बंद. आत माणूस आहे म्हणून गाडी लॉक केली नव्हती, एवढाच काय तो शहाणपणा.

पाच मिनिटांची वीस झाली. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच आतली उष्णता जवळपास दहा अंशांनी चढते, हे आम्ही नंतर वाचलं. बाहेर छत्तीस-सदतीस असेल तर आत काय झालं असेल त्याचा हिशेब कुणीही करू शकतो. काकूंनी कडी ओढून बघितली. पुन्हा ओढली. पलीकडच्या दाराकडं सरकायला मधे पातेली, आणि गुडघे. काच वाजवायची त्यांना लाज वाटली. हे त्यांचंच सांगणं आहे, लाज वाटली. माळ काढून जप करत बसल्या. शेवटी पलीकडच्या कलिंगडाच्या गाडीवाल्याचं लक्ष गेलं. त्यानं येऊन बाहेरची कडी उचलली, दार उघडलं आणि त्यांना पाणी दिलं. एका हातानं उघडलं त्यानं. आम्ही आलो तेव्हा काकू पाय बाहेर सोडून बसल्या होत्या, चेहरा लाल, पदर सगळा भिजलेला.

आणि त्या म्हणाल्या, "मलाच दार उघडाय आलं नाही बघा. ह्या नव्या गाड्यांचं काय कळत नाही की मला."

आम्ही काय म्हणालो? "असू दे काकू, होतं असं."

म्हणजे आम्ही त्यांना माफ केलं!

त्या रात्री घरी दोघांत फारसं बोलणं झालं नाही. जेवणही जेमतेमच. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यात प्रमाद आणि आलस्य हे दोन वेगवेगळे मोजले आहेत. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही तमोगुण कशानं बांधतो ते सांगताना हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी पण वेगळे येतात. आजवर आम्हाला हे एकाच गोष्टीचे दोन शब्द वाटायचे. पण आळशी माणूस अंथरुणातून उठत नाही, आणि आम्ही तर दर थांब्याला उठत होतो! गाडीला वळसा घालून दार उघडण्यात आठ महिन्यांत जेवढी पावलं गेली त्याच्या एका अंशात ती कडी दुरुस्त झाली असती. आळस नव्हता तो. जिकडं बघायला हवं तिकडं न बघण्यासाठी आम्ही कष्ट घेत होतो. प्रमाद कष्टाळू असू शकतो, हे आम्हाला त्या दारानं दाखवलं. म्हणून तो ओळखायला आळसापेक्षा अवघड.

रविवारी सकाळी पूजा आटोपून आम्ही दोघं पार्किंगमध्ये पाट टाकून बसलो. पुढचं जरा तपशिलानं लिहितो, कारण वाहनसेवेतल्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत आणि हे काम वाटतं तेवढं अवघड नाही.

आतली कडी आणि दाराच्या कडेचं कुलूप यांच्यामध्ये एक तार असते, सायकलच्या ब्रेकची असते त्याच जातीची. काही गाड्यांत तारेऐवजी बारीक सळई असते. कडी ओढली की तार ओढली जाते आणि कुलपाचा जबडा खांबावरच्या लोखंडी कडीला सोडतो. बाहेरच्या कडीनं दार उघडत असेल तर कुलूप ठीक आहे, बिघाड आतल्या बाजूला आहे असं समजायला हरकत नाही. आतली कडी लुळी असेल तर तार सुटली किंवा तुटली. कडी घट्ट असेल, जोर लावूनही येत नसेल, तर तार गंजली किंवा कुलूप सुकलं. एवढं बघितलं असतं तरी पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही हे दसऱ्यालाच कळलं असतं.

दाराचं आतलं आवरण काढायला स्क्रू शोधावे लागतात. एक कडीच्या वाटीत असतो, एक-दोन दार ओढायच्या खाचेत छोट्या टोपणाखाली. सगळे एका स्टीलच्या वाटीत ठेवा. काच हातानं फिरवायची गाडी असेल तर त्या दांड्याच्या मागं घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. जुन्या फडक्याची पट्टी मागून सरकवून करवतीसारखी ओढली की ती उडून बाहेर येते (आणि हरवते, म्हणून खाली चादर अंथरा). नंतर आवरणाच्या कडेनं प्लास्टिकच्या क्लिपा. स्क्रूड्रायव्हर घातला तर रंग जातो. आम्ही लाकडी उलथनं वापरलं. टक्‌ टक्‌ करत एकेक सुटते. दोन मोडल्या. मग आवरण वर उचलून काचेच्या खाचेतून मोकळं करायचं, आणि काचेच्या बटणाची वायर काढल्याशिवाय ओढायचं नाही.

त्याच्या मागं काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीनं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. हा फाडू नका. पावसात काचेवरचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. तो कागद आहे म्हणून ते पायाशी येत नाही. आपल्या बेळगावच्या पावसात कागद फाडून ठेवणारा माणूस श्रावणात पश्चात्ताप करतो. हळूहळू अर्धा सोडवला आणि टेपनं वर धरून ठेवला.

तार शाबूत होती. कडीच्या मागं प्लास्टिकचा एक डोळा असतो, त्यात तारेचं गोल टोक बसतं. तो डोळा मोडला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. बराच वेळ आम्ही तो हातात धरून बघत बसलो.

मग जुगाड केला. का नाही करणार? तांब्याची तार वळवून डोळा बांधला. दहा वेळा ओढली, दहा वेळा चालली. अकराव्या वेळी निसटली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दहा वेळांवर थांबलो असतो तर? म्हणून सोमवारी नुसती कडी विकत आणली. अडीचशे रुपये. चार आकड्यांच्या खर्चाच्या भीतीवर आम्ही आठ महिने काढले होते.

एक गोष्ट मात्र कुणीही विसरू नये. कडी बसवल्यावर लगेच दार बंद करायचं नाही. दार उघडंच ठेवून कुलपाचा जबडा स्क्रूड्रायव्हरनं दाबून मिटवायचा, दोनदा टक्‌ असा आवाज येईपर्यंत. पहिला आवाज अर्ध्या बंदचा, दुसरा पूर्ण बंदचा. मग आतली कडी ओढायची. जबडा सुटला पाहिजे. मग बाहेरची कडी, तीही तपासायची. हे न करता दार लावलं आणि दोन्ही कड्या चालेनात तर बंद दाराचं आवरण काढत बसावं लागतं, आणि तो प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

आता ज्याच्यामुळं हा लेख लिहावासा वाटला तो भाग.

तार कशी बसते ते बघायला आम्ही मधेच उजव्या दाराशी ताडून बघत होतो. म्हटलं, चांगलं दार आहे, त्यावरून नक्कल करू. आत बसून उजवी कडी ओढली. कडीला ताण होता, तार ओढली जात होती, पण दार उघडेना. काळजात धस्स झालं. हेही गेलं? उतरून, बाहेरून दार उघडून कडेला बघितलं तर कुलपाच्या खाली ती इवलीशी खटकी. चाइल्ड लॉक. लावलेलं.

गाडी घेतली तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. चालत्या गाडीत दार उघडेल म्हणून पहिल्याच आठवड्यात उजवं दार बंद करून टाकलं होतं. आज ती कॉलेजात आहे, बाहेरगावी हॉस्टेलवर असते. एवढ्या वर्षांत कुणाला कळलं कसं नाही? उजवीकडं रहदारी असते, म्हणून सगळे डावीकडूनच उतरतात. रात्री फोनवर मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "ते दार उघडत नाहीच ना पप्पा. मला वाटायचं ते तसंच असतं."

म्हणजे काकू पलीकडं सरकल्या असत्या, पातेली ओलांडून, त्या गुडघ्यांनी, तरी बाहेर पडू शकल्या नसत्या. डावीकडं बिघाड आणि उजवीकडं माया. दसऱ्यापासून आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला प्रत्येक माणूस आमच्या मर्जीशिवाय उतरू शकत नव्हता, आणि त्याला आम्ही वाहनसेवा म्हणत होतो.

आम्हाला बिघाडापेक्षा त्या खटकीनं जास्त विचारात पाडलं. मोडलेली कडी चूक आहे हे कुणालाही कळतं. खटकी चूक नव्हती. ज्या दिवशी लावली त्या दिवशी ती अगदी योग्य होती, न लावणं चूक ठरलं असतं. मग ती चूक कधी झाली? मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा? दहाची? असा दिवस सांगता येत नाही. संरक्षण जेव्हा लावलं जातं तेव्हा कारण समोर उभं असतं. ते काढायची वेळ येते तेव्हा समोर कुणीच उभं नसतं, कारण मूल मोठं झालेलं असतं. केंद्र सरकारनं 2019 पासून टॅक्सीच्या दारांत चाइल्ड लॉकला मनाई केली ती प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या सुरक्षिततेसाठी. घरच्या गाडीत तीच खटकी मुलाला जपते. खटकी तीच, आत कोण बसलं आहे त्यावर तिचा अर्थ बदलतो. घरातही आपण अशा किती खटक्या लावून ठेवल्या असतील! मुलीनं फोनवर "मला वाटायचं ते तसंच असतं" म्हटलं ते आम्हाला बरेच दिवस पुरलं.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही दारं आतून उघडायला लागली. आणि तिथंच मूळ प्रश्न आला.

आमच्यात दोन मतं होती. एक मत असं, की झालं ते झालं, आता दार ठीक आहे. काकूंना सांगून काय साधणार? त्यांना उगाच वाईट वाटेल. सांगितल्यानं मन हलकं होईल ते आमचं, ओझं त्यांच्याकडं जाईल. कबुली हाही कधीकधी स्वार्थ असतो. हे मत टाकाऊ नाही. शिंप्यानं कपडा देण्याआधी चुकलेली शिवण उसवून नीट घातली तर त्यानं ते गिऱ्हाईकाला सांगितलंच पाहिजे असं आम्हालाही वाटत नाही. दुरुस्तीत चूक विरून जाते, जायला हरकत नाही.

दुसरं मत असं, की इथं ती विरून जात नाही, गाडली जाते. दार मोडलेलं होतं तोवर खरं काय ते दाखवणारा पुरावा तरी होता. कुणीही कडी ओढून बघितली असती तर कळलं असतं. आता दार चालू झालं, म्हणजे काकूंना दार उघडता आलं नाही हे कायमचं खरं ठरलं! आमच्या दुरुस्तीनं त्यांच्यावरचा खोटा आळ पक्का केला असता. पुढच्या गुरुवारी त्या गाडीत बसल्या तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. दोन्ही हात मांडीवर, कडीला स्पर्शही नाही. शेजारच्या आजींना सांगत होत्या, "मला नाही जमत बाई हे दार." एवढी संसार रेटलेली बाई, आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी स्वतःला अडाणी ठरवून बसली होती.

त्यावरून आम्हाला एवढं वाटतं, की आपल्या चुकीमुळं दुसऱ्याच्या मनात स्वतःविषयी काही खोटं जाऊन बसलं असेल, तर नुसती वस्तू दुरुस्त करून भागत नाही, कारण मोडलेली वस्तू एकच नसते. असं काही बसलं नसेल तर गप्प राहून काम करावं, बभ्रा कशाला. याहून मोठा नियम आम्हाला करता येत नाही. जाणकारांनी चुकलं असेल तर सांगावं.

त्या रात्री सगळ्यांना सोडून झाल्यावर काकूंच्या घरात जाऊन सांगितलं. सगळं. दसऱ्यापासूनचं, कौतुकाचं, "असू दे काकू" म्हणाल्याचं, खटकीचंसुद्धा. आम्हाला वाटत होतं त्या म्हणतील, जाऊ दे रे बाळा. तसं काही झालं नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग त्या दिवशीच का नाही सांगितला? मी सुनेचं बोलणं खाल्लं की. एकटी जाऊ नको म्हणते आता ती मला."

हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरी जाऊन त्यांनी आपलीच चूक म्हणून सांगितलं होतं, आणि घरच्यांनी त्यावरून त्यांचं बाहेर जाणंच कमी केलं होतं. तिथंच त्यांच्या सूनबाईंना बोलावून पुन्हा सगळं सांगितलं. सूनबाईंनी चहा विचारला नाही. योग्यच केलं.

काकू पुढचे दोन गुरुवार रिक्षानं आल्या. आमच्याशी नमस्कारापुरतंच. चारचौघांत आम्ही त्या कौतुक करणाऱ्या गुरुभगिनीलाही खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, आता दार दुरुस्त झालं म्हणजे तुम्ही उतरायचे नाही तर! आम्ही उतरतो. पण आता काकू-आजी मंडळींना पहिल्यांदा बसतानाच दाखवतो, कडी ही, काच अशी, आणि किल्ली गाडीत ठेवून एकजण तिथंच थांबतो.

काल काकूंच्या सूनबाईंचा निरोप आला आहे, गुरुवारी गाडी साडेपाचला पाठवा म्हणून. "त्यांना" की "आम्हाला" ते लिहिलेलं नाही, त्यामुळं मागची सीट पूर्ण रिकामी ठेवत आहोत. अनगोळकडच्या दोघांनी कृपया दुसऱ्या गाडीत जागा सांगून ठेवावी.

आणि हो, आवरणाच्या क्लिपा दहाचं पाकीट घेतलं होतं, आठ शिल्लक आहेत. वाहनसेवेतल्या ज्यांना आपली दारं आतून तपासायची आहेत त्यांनी रविवारी सकाळी नऊनंतर यावं. उलथनं आमच्याकडं आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥